मागीलदारी कोण आलंय

परदेश बघून आलेलं माणूस निदान महिनाभर तरी घरात टिकत नाही. फोटो दाखवायचे असतात, चॉकलेटं वाटायची असतात, आणि "आपल्याकडे हे असं का नाही" हे चार घरी सांगायचं असतं. नसीमा केपटाऊनहून परतली तेव्हा शेजारणींनीही तीच अपेक्षा धरली होती. पण बारा दिवस झाले, पिशव्या भरलेल्या तशाच कपाटात पडून होत्या आणि नसीमा काही कुंपणाबाहेर पडत नव्हती.

सकाळचे दहा वाजत आले की ती हातातलं काम टाकायची आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची. तोंड मागच्या दाराकडे.

"मागीलदारी कोण आलंय बघा जरा."

गफूर पेपर खाली ठेवायचा. चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यामुळे त्याचे कान अधू झाले होते, तेव्हा आधी त्याला वाटलं की आपल्यालाच ऐकू येत नसेल. पहिले तीन-चार दिवस तो निमूट उठून दार उघडून आला. मागच्या अंगणात फणसाखाली मांजर बसलेलं असायचं, दोरीवर कपडे असायचे. बाकी काही नाही.

"कोण नाय गो."

नसीमा मान हलवायची. पण तिला स्पष्ट ऐकू आलेलं असायचं. आधी ओल्या पायांची चाल, मग "हुश्श" असा एक उसासा, मग पायरीवर पाटी टेकल्याचा आवाज. मागोमाग मासळीचा ओलसर वास घरात शिरायचा, खिडक्या बंद असल्या तरी. एक दिवस तिनं फिनेल टाकून ती पायरी तीनदा धुतली. वास गेला नाही. तिला भीती वाटायला लागली, आणि ती भीती कुणाला सांगावी अशीही नव्हती. मेलेल्या माणसाचं भूत मागे लागलं तर ताईत बांधता येतो, मौलवींना विचारता येतं. हिच्या मागे लागलेलं माणूस जिवंत होतं. घरापासून रिक्षानं पंचवीस मिनिटांवर राहत होतं.

सगळं सुरू झालं ते त्या सिनेमापासून.

केपटाऊनची सहल मुलानं, अद्नाननं, दुबईहून काढून दिली होती. गफूरच्या आजोबांचे भाऊ शंभर वर्षांपूर्वी बोटीनं तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची पणती शिफा आता तिथं एका शाळेत इतिहास शिकवते. तिनं चाचा-चाचींना विमानतळावरून घरी नेलं आणि पहिल्याच संध्याकाळी ताटात सांदणं वाढली. नसीमाच्या तोंडचा घासच थांबला. हजारो मैलांवर, बाहेर इंग्रजी पाट्या, आणि ताटात रत्नागिरीची सांदणं! शिफाचं बोलणं तर आणखी गमतीचं. सगळं इंग्रजी, आणि मधेच आजीकडून आलेले असे काही कोकणी शब्द की ते इथंही आता म्हाताऱ्याच बोलतात.

दिवस मजेत गेले, हे मान्यच करायला हवं. सपाट माथ्याचा तो डोंगर त्यांनी रोपवेच्या पाळण्यातून चढून पाहिला. वर गेल्यावर ढग असा काही खाली उतरला की गफूर दोन हातांवरून दिसेना आणि नसीमा लहान पोरीसारखी हसत सुटली. किनाऱ्यावर पेंग्विन बघितले. "हे तर आपले काजी दिसतायत, काळे कोट घालून निकाह लावायला निघालेले," गफूर म्हणाला. रंगीबेरंगी घरांच्या चढावर नसीमानं प्रत्येक रंगासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. इतकी मोकळी ती उभ्या संसारात झाली नव्हती. तिथं तिला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि कुणी ओळखत नसलं की आपण किती हलके होतो हे तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होतं.

शेवटून दुसऱ्या दिवशी शिफा त्यांना तिच्या शाळेच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथं एक सिनेमा दाखवणार होते. गोऱ्यांच्या राज्यात माणसांची रंगावरून वर्गवारी व्हायची, त्या काळातला.

सिनेमातल्या घरात आई सावळी होती आणि मुलगी उजळ. सरकारी माणूस मुलीच्या केसांत पेन्सिल खोचतो. पेन्सिल अडकली तर माणूस काळा, घसरून पडली तर गोरा. पेन्सिल पडते. मुलीला गोऱ्यांचं कार्ड मिळतं, गोऱ्यांच्या वस्तीत नोकरी मिळते, नवरा मिळतो. सासरी ती सांगते की आईबाप वारले. आणि मग दर सोमवारी तिची आई त्या घरी येते, कपडे धुवायला न्यायला. मुलगी तिच्या हातात एकेक कपडा मोजून देते. चार चादरी, सहा शर्ट. सासू मागे उभी असते. आई "येस मॅडम" म्हणते आणि गाठोडं उचलून निघते.

इंग्रजी अक्षरं खाली पळत होती. नसीमाला वाचायला जड जाईल म्हणून शिफा कानाशी कुजबुजली, "चाची, ती पुढीलदारी येऊ शकत नाही ना, म्हणून मागीलदारी येते."

नसीमा ताडकन उठली. पोट बिघडलंय असं सांगून हॉलबाहेर आली आणि पायऱ्यांवर बसली. आतून सिनेमातली माणसं बोलल्याचा आवाज येत होता आणि तिला मासळीचा वास येत होता. पहिल्यांदा, तिथंच.

गाडीतून परतताना शिफानं उरलेली गोष्ट सांगितली. "पुढे कायदा जातो. मुलगी आईच्या घरी जाते, दार वाजवते. आई दार उघडते आणि तिला मिठीत घेते. सगळा हॉल रडत होता, चाची. तुम्ही मिस केलंत." मग ती म्हणाली, "अशी खरोखरची घरं आहेत इथं. कायदाच होता तसा. लोक तरी काय करणार?"

नसीमा खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांना कायदा होता. आम्हाला कुठला होता?

नसीमाची आई हवाबी मासळी विकायची. बाप होडीवरून गेला तो परत आला नाही, तेव्हा नसीमा नऊ वर्षांची होती. कुवेतला पैसा कमावलेल्या मामूंनी भाचीला मुंबईला नेलं, आपल्या फ्लॅटवर ठेवून शिकवलं. भाऊ आईपाशीच राहिला. पोर देखणी निघाली, बोलणं स्वच्छ, हात नाजूक. गफूरचं स्थळ आलं तेव्हा मामू हरखून गेले आणि मग विचारात पडले. गफूरचं घराणं गलबतांच्या व्यापारातलं. मशीद एक, कलमा एक, ईदच्या नमाजाला खांद्याला खांदा लावून सगळे उभे राहणार. पण होडीवाल्यांची मुलगी सून म्हणून आणायची म्हटल्यावर त्या घरानं नाक मुरडलं असतं. मामूंनी ठोकून दिलं की पोरीचे आईबाप दोन्ही वारले, मीच वाढवली.

हे त्यांनी हवाबीला आधी विचारलं होतं. ती मासळी साफ करत होती. विळीवरचा हात न थांबवता म्हणाली, "मग मी मेले असाच सांग. पोर सुखात पडत असंल तर मराला माजा काय जातंय?"

निकाह मुंबईत झाला. चौथ्या महिन्यात ही 'मेलेली' आई रत्नागिरीत मुलीच्या मागीलदारी येऊन उभी राहिली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी.

नसीमानं झटकन मागे वळून घरात पाहिलं. पण हवाबीनं तिच्याकडे असं पाहिलं जसं कुठल्याही घरच्या सुनेकडे पाहावं. "बांगडं हायत ताजं. घेताव काय?" मागून सासू आली, अम्मी. आणि नसीमानं, देवानं तिला कुठून बुद्धी दिली कोण जाणे, भाव केला. आईशी. हे महाग आहेत, हे कालचे दिसतात, डोळे बघा कसे झालेत. हवाबीनंही आढेवेढे घेतले. शेवटी सौदा पटला, अम्मी खूश झाली. सून हुशार आहे म्हणून चार ठिकाणी सांगितलं.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा हवाबी येत राहिली. एकोणतीस वर्षं. पाटीतल्या पानांखाली एक मोठा सरंगा नेहमी जास्तीचा असायचा. "ही बाई हिशेबाला कच्ची आहे," अम्मी हसून म्हणायची, "आपल्याला काय, घे!" नसीमा तो सरंगा रांधायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतःच्या ताटात घ्यायची नाही. गफूरला तिसऱ्या वर्षी कळलं. सुट्टीवर आला होता, मागच्या दारात दोघींना त्यानं एकत्र पाहिलं आणि चेहऱ्यांवरून ताडलं. रागावला नाही. इतकंच म्हणाला, "अम्मी हाय तोवर ऱ्हाऊ दे असाच."

अम्मीला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

आणि खरी काळजाला घरं पाडणारी गोष्ट ही होती. अम्मी गेल्यावरही हवाबी तीन वर्षं मागीलदारीच येत होती, आणि नसीमा भावच करत होती. शेजारणी बघतील. अद्नानला काय सांगू? मुलीचं, अलिझाचं लग्न व्हायचंय, होऊ दे आधी. अलिझाचं लग्न झालं, तिला मूल झालं. मग हवाबीचे गुडघे गेले आणि तिचं येणंच बंद झालं. त्यालाही सहा वर्षं उलटली. पाहुणे आले की आरे-वारेचा समुद्र दाखवायला गाडी काढायची. पूल ओलांडला की डाव्या हाताला हवाबीची वस्ती लागते. तिथं नसीमा नेमकी उजवीकडे बोट दाखवून पाहुण्यांना काहीतरी सांगत असायची.

तेराव्या दिवशी सकाळी पुन्हा पाटी टेकल्याचा आवाज आला. या वेळी नसीमानं गफूरला हाक मारली नाही. खुर्चीवर बसली आणि हमसून हमसून रडली. गफूर धावत आला.

"मी आयेला घरी आणणार आहे," ती म्हणाली. "पुढच्या दारानं. सगळ्यांदेखत. अद्नानला, अलिझाला मी सांगते सगळं. ती आता किती दिवसांची सोबती? मला ती मरायच्या आधी एकदा तिला आय म्हणायचंय."

"आण ना," गफूर म्हणाला. "मी कधी नको म्हटलं?"

त्यानं मायेनंच म्हटलं होतं, पण नसीमाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. खरंच, नऊ वर्षांत तिला कोणीच नको म्हटलं नव्हतं.

त्याच दिवशी तिनं अद्नानला फोन लावला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "ती पाटीवाली नानी? अम्मी, तिनं मला कितीदा चिंचा दिल्यात!" नसीमाचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं तर! तिनं पाहुण्यांची खोली झाडली, खाटेवर नवी चादर घातली, न्हाणीघरात धरायला दांडी हवी म्हणून गफूरला बाजारात पिटाळलं. दुपारी निघताना तिनं आरशासमोर उभं राहून "आय" हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला. पस्तीस वर्षांत तो तिच्या तोंडून बाहेर पडला नव्हता.

गफूर सोबत येत होता. ती नको म्हणाली.

वस्तीत रिक्षा आत जाईना. वाळत घातलेल्या जाळ्यांमधून वाट काढत ती भावाच्या घरापाशी आली. भाऊ वारला होता. दारात भावजय उभी होती, जैनब. तिनं नसीमाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाट चुकलाव काय?"

"जैनब, मी आयेला न्यायला आले."

जैनबच्या तोंडावर बरंच काही येऊन गेलं. बोलायला तिच्याकडे सहा वर्षांचा साठा होता. पण नसीमाचे डोळे पाहून तिनं तो गिळला आणि दारातून बाजूला झाली. "बसलीय आत. पन तुमाला सांगते, दीड वरसापासून तिचा डोका चलत नाय. कधी काय बोलंल नेम नाय. आमाला सगल्यांना वळकते मात्र."

हवाबी खिडकीपाशी चटईवर बसली होती. इतकीशी झाली होती. हात मात्र तसेच, खवल्यांनी खरबरीत झालेले, मांडीवर एकात एक घातलेले. नसीमा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"आय," ती म्हणाली. "आय, मी नसीमा."

म्हातारीनं मान वर केली. मोतीबिंदूनं पांढुरके झालेले डोळे नसीमाच्या चेहऱ्यावरून हळूहळू फिरले. ओळख पटली. नसीमाला ती पटताना दिसली. त्याबद्दल तिच्या मनात पुढे कधीच शंका आली नाही. आणि मग त्या चेहऱ्यावर भीती आली. हवाबीनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि अंग चोरून मागे सरकली.

"कोन नसीमा? मना कोन पोर नाय."

"आय, अगं—"

"बाय, आय नका बोलू मना." ती कळवळून कुजबुजत होती. "कोनी आयकला तर? तुमाला तिच्या सासूनं धाडलान ना? बघायला? मी काय बोलले नाय कोनाला. खुदाची कसम."

"अम्मी वारल्या, आय. नऊ वर्षं झाली. आता कोणी नाही. तू घरी चल माझ्या."

पण हे शब्द म्हातारीपर्यंत पोचतच नव्हते. तिनं नसीमाचं मनगट घट्ट धरलं आणि घाईघाईनं, कुणीतरी जाब विचारतंय तसं, सांगायला लागली.

"तिला पोर झाला तवा गेलते मी. मुडदुशे घेऊन गेलते, बालंतिणीला बरे असतात म्हनून. पोर पालन्यात व्हता, दारापाशीच. सासूनं त्याच्या तोंडावर फडका टाकलान. बोलली, मासलीवालीची नजर लागंल. मी नाय लावला हात. बघितला पन नाय, वर झाडाकडे बघत ऱ्हायले. सांगा तुमी जाऊन. हवाबीनं पोराला बघितला पन नाय. तिला घरातनं काढू नका."

नसीमाला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी ती आतल्या खोलीत तापानं फणफणत होती. मुडदुशांचं कालवण तिनं खाल्लं होतं, आणि कुणी आणले हे तिला चवीवरून कळलं होतं. एवढंच.

हवाबी आता थरथरायला लागली होती. श्वास वर लागला. दारातून जैनब पुढे आली. "बस झाला. अशानं ती रातभर रडत ऱ्हाते. गप करा तिला कायतरी सांगून."

काय सांगून? नसीमानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड तिची विनवणी करत होतं. पस्तीस वर्षं जपलेली एक गोष्ट आपल्या हातून फुटली का, मुलीचं घर मोडलं का, एवढंच त्या म्हातारीला जाणून घ्यायचं होतं. बाकी सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं, हे तेवढं राहिलं होतं. आणि तिला शांत करणारं उत्तर एकच होतं, ते नसीमाला चांगलं येत होतं.

तिनं डोळे पुसले. पदर डोक्यावर सारखा केला. मग अगदी स्वच्छ आवाजात, त्या मोठ्या घरातली एखादी बाई बोलेल तशी, ती म्हणाली, "घाबरू नका, बाई. मी सांगते त्यांना. ती तुमची कोणी नाही."

"खरंच सांगताव ना?"

"सांगते. तुमची आणि तिची ओळखसुद्धा नाही."

हवाबीनं तिचं मनगट सोडलं. थोड्या वेळानं तिचा श्वास खाली बसला. चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि मोठ्या घरच्या पाहुणीला नीट बसायला मिळावं म्हणून ती चटईवर जरा बाजूला सरकली.